आयुष्य लांब, बालपण छोटे

माटुंग्यात जुन्या तीनमजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहू लागल्यापासून खिडकीच्या गजांवर रोज धुळीचा नवा थर दिसतो. सकाळी पुसावा, तर संध्याकाळी बोट फिरवल्यावर पुन्हा रेघ उमटते. डॉक्टरांना मात्र या दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळ अधिक छळते. 2.5 मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजेच ‘पीएम 2.5’, नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या गाळणीतून निसटतात आणि थेट फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन धरली, तर हे कण तिच्या जवळजवळ तिसाव्या भागाएवढे असतात.

साधारण याच मापाची धूळ शेकडो प्रकाशवर्षे दूर, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवती तबकडीच्या आकारात फिरत असते. तिथे ती कोणाचा दमा वाढवत नाही. तिथे ती ग्रह घडवते. आपली पृथ्वीही सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वी अशाच धुळीतून घडली.

ऑक्टोबर 2025 मध्ये या धुळीची एक बातमी जगभर गाजली. आपल्यापासून सुमारे 620 प्रकाशवर्षांवर ‘चा 1107-7626’ नावाची एक वस्तू आहे. ती कोणत्याही ताऱ्याभोवती फिरत नाही. तिचे वस्तुमान गुरूच्या 5 ते 10 पट आहे आणि वय 10 ते 20 लाख वर्षे. इटलीतील पालेर्मोचे व्हिक्टर अल्मेंद्रोस-आबाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ व अवकाशातील ‘जेम्स वेब’ दुर्बिणीतून तिचे निरीक्षण केले. ऑगस्ट 2025 मध्ये ती आपल्या तबकडीतला वायू आणि धूळ सेकंदाला सुमारे 600 कोटी टन या वेगाने गिळत होती. काही महिन्यांपूर्वीच्या तुलनेत हा वेग आठपट होता.

आकडा डोळे दिपवणारा आहे. पण साधा भागाकार केला तर वेगळे चित्र दिसते. हाच वेग कायम राहिला, तरी एका गुरूएवढे वस्तुमान जमवायला या वस्तूला सुमारे 1 कोटी वर्षे लागतील. मग खरा प्रश्न असा की, तिच्या ताटातले अन्न तेवढे दिवस पुरणार आहे का? अशा छोट्या वस्तूंभोवतीची धुळीची तबकडी किती काळ टिकते, आणि त्या काळात तिच्यात काय काय बदलते?

‘नापास तारा’ ही ओळख अपुरी

वायूचा ढग स्वतःच्या भाराने आकसतो तेव्हा तारा जन्मतो. आकसलेल्या गोळ्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे 75 ते 80 पटींहून अधिक असेल, तर त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे कायमस्वरूपी ज्वलन सुरू होते. त्याहून कमी असेल, तर ते होत नाही. गुरूच्या 13 पटींपासून या मर्यादेपर्यंतच्या वस्तूंना ‘तपकिरी बटू’ म्हणजेच ‘ब्राऊन ड्वार्फ’ म्हणतात. त्या थोडा काळ ड्युटेरियम जाळतात आणि मग आयुष्यभर निवत राहतात. 13 पटींहूनही हलक्या, पण एकट्याच भटकणाऱ्या वस्तूंची चर्चा याच कुटुंबाबरोबर होते. ‘चा 1107’ त्यांपैकी एक.

अशा वस्तू असाव्यात, असे गणित शिव कुमार यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. ‘ब्राऊन ड्वार्फ’ हे नाव जिल टार्टर यांनी 1975 मध्ये दिले. प्रत्यक्ष पुरावा यायला 1995 उजाडले. त्या वर्षी ‘ग्लीझ 229 बी’ हा तपकिरी बटू जाहीर झाला आणि तो शोधणाऱ्या चमूत श्रीनिवास कुलकर्णी होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला 1956 मध्ये जन्मलेल्या या खगोलशास्त्रज्ञाला 2024 चा शॉ पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी ‘ग्लीझ 229 बी’ ही एक वस्तू नसून दोन असल्याचे उघड झाले. गुरूच्या सुमारे 38 आणि 34 पट वस्तुमानाचे हे दोन बटू दर 12 दिवसांनी एकमेकांभोवती एक फेरी मारतात. जवळपास तीस वर्षे तपासलेल्या ‘रुग्णा’चेही निदान असे बदलू शकते.

तपकिरी बटूंना ‘नापास तारे’ म्हणण्याची प्रथा आहे. ते विशेषण सोयीचे असले, तरी दिशाभूल करणारे आहे. जन्माच्या वेळी त्यांच्याभोवती सूर्यासारख्या ताऱ्यांप्रमाणेच वायू आणि धुळीची तबकडी असते. ती तबकडी ताऱ्याला साहित्य पुरवते आणि ग्रह घडण्याची जागाही तीच असते. थोडक्यात, ग्रहांचा कारखाना उघडायला तारा ‘पास’ व्हावा लागत नाही.

वाढीचा तक्ता

एखादी तबकडी जन्मापासून शेवटपर्यंत पाहणे कोणालाही शक्य नाही. तिचे आयुष्य लाखो वर्षांचे असते. मग शास्त्रज्ञ काय करतात? बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर जो वाढीचा तक्ता असतो, तोच मार्ग ते वापरतात. असा तक्ता करण्यासाठी एकाच मुलाला अठरा वर्षे पाहत बसावे लागत नाही. वेगवेगळ्या वयांच्या अनेक मुलांची उंची-वजने मोजूनही तो तयार होतो. आकाशात हे काम तारकागुच्छ करतात. एका गुच्छातील तारे साधारण एकाच काळात जन्मलेले असतात. म्हणून वेगवेगळ्या वयांचे गुच्छ निवडायचे आणि प्रत्येकात किती ताऱ्यांभोवती तबकडी उरली आहे ते मोजायचे.

मोजणी अवरक्त किरणांत होते. ताऱ्याच्या उष्णतेने तापलेली धूळ अवरक्त प्रकाश फेकते. नुसता तारा जेवढा अवरक्त प्रकाश देईल त्याहून जास्त मिळाला, तर भोवती धूळ आहे असे समजायचे. 2003 मध्ये सोडलेल्या ‘स्पिट्झर’ या अवकाश दुर्बिणीने हे काम मोठ्या प्रमाणावर केले.

निकाल बोलका आहे. सुमारे 20 लाख वर्षे वयाच्या गुच्छांत साधारण 40 ते 50 टक्के तपकिरी बटूंभोवती तबकडी आढळते. त्यानंतर वृश्चिक राशीतील ज्येष्ठा ताऱ्याच्या आसपास पसरलेला, अधिक प्रौढ ताऱ्यांचा समूह पाहावा. तिथे सूर्यासारख्या किंवा त्याहून मोठ्या ताऱ्यांपैकी जेमतेम 10 टक्क्यांकडे तबकडी उरली आहे. सर्वांत लहान तारे आणि तपकिरी बटू यांच्यात मात्र हे प्रमाण सुमारे 25 टक्के आहे. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितकी तिची तबकडी चिवट. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. मोठे तारे तीव्र अतिनील आणि क्ष-किरण फेकून आपल्या तबकडीतील वायू उडवून लावतात. छोट्यांचा हा मारा सौम्य असतो.

या तक्त्याचा कच्चा दुवा म्हणजे वय. दाखला हरवलेल्या मुलाचे वय मनगटाच्या एक्स-रेवरून काढावे लागते आणि त्यात वर्ष-दोन वर्षांची चूक राहते, हे रुग्णालयात सर्वांना ठाऊक असते. ताऱ्यांचे तसेच आहे. वृश्चिकातील या समूहाचे वय बरीच वर्षे 50 लाख मानले जात होते. 2012 मध्ये मार्क पेकॉट आणि सहकाऱ्यांनी ते सुमारे 1 कोटी 10 लाख असल्याचे दाखवले. आकाशातले काहीही बदलले नाही, पण तिथल्या तबकड्यांचे ज्ञात आयुष्य दुपटीने वाढले. आजही लहान वस्तूंची वये काढण्याच्या पद्धती एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. त्यामुळे ‘तबकडी अमुक वर्षे टिकते’ असे विधान वाचले, की वय कसे मोजले हे आधी विचारावे.

बाहेर शांत, आत घाई

तबकडी टिकून आहे, एवढ्यावरून ती तरुण आहे असे ठरत नाही. आत डोकावले तर बदल लवकर सुरू झालेले दिसतात.

पहिला बदल धुळीच्या कणांचा. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतील धूळ मायक्रॉनहून बारीक आणि काजळीसारखी, आकारहीन असते. 2005 मध्ये डॅनियल अपाई आणि सहकाऱ्यांनी 10 ते 30 लाख वर्षे वयाच्या सहा तपकिरी बटूंच्या तबकड्या तपासल्या. त्यांपैकी पाचांत कण वाढलेले होते, त्यांचे स्फटिक झाले होते आणि धूळ तबकडीच्या मधल्या पातळीत बसू लागली होती. कणांचे स्फटिक होण्यासाठी भट्टीसारखी उष्णता लागते. आपल्या सूर्यमालेतील धूमकेतूंतही असे स्फटिक सापडतात. ग्रह घडण्याची पहिली पायरी तपकिरी बटूही चढतात, याचा तो ठोस पुरावा होता. पुढे 2012 मध्ये चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीला ‘रो ऑफियुकी 102’ या तपकिरी बटूच्या तबकडीत मिलिमीटर मापाचे कण दिसले. ‘पीएम 2.5’ च्या मापापासून रव्याच्या दाण्यापर्यंतचा हा प्रवास.

दुसरा बदल अधिक गंभीर. तबकडीतील वायूला दाबाचा आधार असल्याने तो किंचित हळू फिरतो. दाण्यांना तसा आधार नसतो. त्यामुळे त्यांना सतत समोरून वारा लागतो, त्यांचा वेग मोडतो आणि ते गोल गोल फिरत मध्याकडे घसरतात. वस्तू लहान असेल तर वेगांमधील फरक वाढतो आणि घसरण अधिक जलद होते. ही घसरण थांबवायची असेल, तर तबकडीत कुठेतरी दाबाचा उंचवटा हवा. मुसळधार पावसात आजूबाजूचे पाणी किंग्ज सर्कलच्या सखल भागात येऊन तुंबते, तसे दाणे या उंचवट्यापाशी अडून साठतात. मोठ्या ताऱ्यांच्या तबकड्यांत असे कडे अनेकदा दिसते. अगदी लहान वस्तूंच्या तबकड्या इतक्या छोट्या असतात, की त्यांतली अशी कडी टिपणेही अवघड जाते.

तिसरा बदल रसायनांचा. सूर्याच्या सुमारे 11 टक्के वस्तुमानाच्या, म्हणजे तपकिरी बटूंच्या मर्यादेच्या थोड्याच वर असलेल्या एका ताऱ्याची तबकडी ‘जेम्स वेब’ने तपासली. ‘आयएसओ-चा-आय 147’ असे त्याचे नाव. जून 2024 मध्ये जाहीर झालेल्या या अभ्यासात कार्बन असलेले 13 रेणू सापडले. त्यांत बेंझीन होते आणि सूर्यमालेबाहेर प्रथमच दिसलेले इथेनही. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या तबकड्यांत ठळक दिसणारी पाण्याची वाफ इथे मात्र जवळजवळ दिसली नाही. याचे एक स्पष्टीकरण वरच्या घसरणीतच आहे. बर्फाचा लेप असलेले दाणे लवकर आत घसरले, त्यांच्यातील पाणी वाफ होऊन ताऱ्यात गेले आणि मागाहून बाहेरचा कार्बनयुक्त वायू आत आला. म्हणजे या तबकडीचे ‘वय’ वर्षांत कमी असले, तरी रासायनिक घड्याळ पुढे गेले आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, की मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. लहान वस्तूंच्या तबकड्या जास्त काळ टिकतात, पण ग्रह घडवण्याचे त्यांचे दिवस मात्र लवकर संपत असावेत. आयुष्य लांब, बालपण छोटे. वैद्यकात हा फरक नेहमीचा आहे. रुग्ण किती वर्षे जगला आणि त्यातली किती वर्षे तो धडधाकट होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले, की निष्कर्ष चुकतो. ‘तबकडी 1 कोटी वर्षे टिकते, म्हणजे ग्रहांना 1 कोटी वर्षे मिळतात’ हा तसाच चुकीचा निष्कर्ष आहे.

हिशेब जुळत नाही

हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. आकाशगंगेत सूर्यासारख्या ताऱ्यांपेक्षा लहान, लालसर तारे कितीतरी जास्त आहेत. पृथ्वीसारखे ग्रह शोधण्याच्या मोहिमाही आता त्यांच्याकडेच वळल्या आहेत. सुमारे 40 प्रकाशवर्षांवरील ‘ट्रॅपिस्ट-1’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सूर्याच्या 9 टक्के वस्तुमानाचा हा तारा तपकिरी बटूंच्या उंबरठ्यावर आहे. तरी त्याच्याभोवती पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह असल्याचे फेब्रुवारी 2017 मध्ये जाहीर झाले. या सातांचे एकत्रित वस्तुमान पृथ्वीच्या सहापटींहून अधिक भरते.

आता तपकिरी बटूंच्या तबकड्यांत मिलिमीटर लहरींनी मोजलेली धूळ पाहा. अनेकींमध्ये ती एका पृथ्वीएवढीही भरत नाही. कच्चा माल एक पोते आणि तयार माल सहा पोती, असा हा हिशेब. तो जुळवण्याचे दोन मार्ग आहेत.

एक म्हणजे, ग्रहांची बांधणी फार लवकर, तबकडी 10 लाख वर्षांची होण्याच्या आतच सुरू होत असावी. आपण मोजायला जातो तेव्हा निम्मे काम उरकलेले असते. सूर्याच्या जवळपास वस्तुमानाच्या ‘एचएल टाउरी’ या अतितरुण ताऱ्याच्या तबकडीत ‘अल्मा’ने 2014 मध्ये ठळक कडी टिपली, तेव्हापासून या विचाराला बळ आले आहे. दुसरा मार्ग म्हणजे, वस्तुमान आहे, पण दिसत नाही. मिलिमीटर लहरींना बारीक दाणे दिसतात. त्यांचे धोंडे झाले, की तेवढ्याच वस्तुमानाचा पृष्ठभाग घटतो आणि ते नजरेआड होतात. एक्स-रेत दिसले नाही म्हणजे दुखणे नाही, असे कोणताही अनुभवी डॉक्टर म्हणणार नाही. कदाचित दोन्ही मार्ग एकाच वेळी खरे असतील.

अपवादही लक्षात ठेवावे लागतात. ‘2एम 1207’ हा तपकिरी बटू सुमारे 1 कोटी वर्षांचा असून त्याची तबकडी अजून शाबूत आहे. 2004 मध्ये त्याच्या शेजारी ग्रहाच्या वस्तुमानाचा सोबतीही छायाचित्रात टिपला गेला. काही अतिलहान ताऱ्यांभोवती तर सुमारे 4.5 कोटी वर्षांनंतरही वायूची तबकडी आढळली आहे. कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या गोष्टीवरून त्यांना ‘पीटर पॅन तबकड्या’ म्हणतात. सरासरीचा तक्ता प्रत्येक मुलाचे भविष्य सांगत नाही, तसाच प्रत्येक तबकडीचेही नाही.

एक मोजमाप पुरेसे नाही

‘चा 1107’ च्या बातमीकडे परत येऊ. तिच्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती 600 कोटी टनांचा आकडा नव्हे, तर तो काही महिन्यांत आठपट झाला ही आहे. उधाणाच्या काळात तबकडीत पाण्याची वाफ दिसली आणि ती आधी दिसली नव्हती. म्हणजे लाखो वर्षांच्या संथ प्रवासात मधूनच झटके येतात आणि त्या झटक्यांत तबकडीचे तापमान व रसायन बदलते. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, हा नियम इथेही लागू होतो. आतापर्यंतच्या बहुतेक मापनांत प्रत्येक तबकडी एकदा किंवा फार तर दोनदा पाहिली गेली आहे. पुढचे ज्ञान पाठपुराव्यातून येणार आहे.

पाठपुरावा हे काम भारताच्या आवाक्यातले आहे. कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, शास्त्रज्ञांनी लडाखमधील हानले येथील 2 मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीसाठी ‘टिर्स्पेक’ हे अवरक्त उपकरण घडवले. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील 3.6 मीटर दुर्बिणीसाठी ‘टॅनस्पेक’ उभारण्यातही तीच संस्था पुढे होती. ‘चा 1107’ ज्या तारकासमूहात आहे, तो इतका दक्षिणेला आहे की भारताच्या उत्तरेतून तो दिसणारच नाही. मुंबईतूनही ती वस्तू क्षितिजावर येत नाही. पण वृषभ, मृग आणि वृश्चिक या भागांतील तरुण तपकिरी बटू आपल्या आकाशात येतात. मोठ्या परदेशी दुर्बिणींवर एकेका रात्रीसाठी रांग असते. वर्षानुवर्षे तेच तेच रुग्ण तपासण्याची चिकाटी मध्यम दुर्बिणींना परवडते.

दुर्बिणीशिवायही यात हातभार लावता येतो, हेही सिद्ध झाले आहे. 2014 मध्ये ‘नासा’च्या मदतीने ‘डिस्क डिटेक्टिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. सामान्य नागरिकांनी संगणकावर अवरक्त छायाचित्रे पाहून तबकड्या असलेल्या वस्तू निवडायच्या, अशी त्याची पद्धत. 2020 मध्ये याच स्वयंसेवकांच्या निवडीतून सुमारे 330 प्रकाशवर्षांवरील ‘डब्ल्यू 1200-7845’ हा तबकडी असलेला तपकिरी बटू हाती लागला. त्याचे वय 40 लाख वर्षांहून कमी आहे. पहिली ‘पीटर पॅन’ तबकडीही अशाच डोळ्यांनी हेरली. रुईया, व्हीजेटीआय किंवा आयसीटीत शिकणाऱ्या माटुंग्यातल्या मुलांना असे काम अशक्य मुळीच नाही.

मे महिन्याच्या रात्री फाइव्ह गार्डन्समध्ये फेरी मारताना दक्षिणेकडे पाहिले, तर शहराच्या उजेडातूनही लालसर ज्येष्ठा ओळखता येते. तिच्या आसपासच्या काळोखात शेकडो छोट्या वस्तू आहेत. काहींच्या तबकड्या विरल्या, काहींच्या अजून फिरत आहेत. फिरणाऱ्यांपैकी किती जणींचे काम अजून चालू आहे आणि किती जणींचे कधीच आटोपले, हे ठरवायला त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागेल.